डॉक्टरांच्या नावापुढची अक्षरे: तज्ज्ञाची पदवी कशी तपासावी आणि त्यापुढे काय विचारावे

गुडघ्याचे, गर्भाशयाचे किंवा हृदयाचे ऑपरेशन ठरले की घरात चर्चा होते ती खर्चाची, विम्याची आणि रजेची. ऑपरेशन करणाऱ्याची पदवी कोणती, ती कोणी दिली आणि कुठे नोंदली गेली, हे पाहणारे थोडेच. हे काम घरबसल्या दहा-पंधरा मिनिटांत होते, त्याला पैसे पडत नाहीत आणि कोणाची परवानगीही लागत नाही. ते निवांत असताना करायचे, इतकेच. छातीत कळ आली, झटका आला, अपघात झाला तर पदव्या शोधत बसू नका, जवळचे सुसज्ज रुग्णालय गाठा. खालची सगळी पद्धत आहे ती ठरवून करायच्या उपचारांसाठी आणि कायमचा डॉक्टर निवडण्यासाठी.

आधी नोंदणी क्रमांक

नाव, पाटी, जाहिरात यांपैकी कशावरूनही सुरुवात करू नका. सुरुवात करायची ती नोंदणी क्रमांकावरून. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेनुसार (२००२ ची नियमावली) हा क्रमांक दवाखान्यात लावलेला असला पाहिजे, तसेच औषधाच्या चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशांच्या पावतीवर छापलेला असला पाहिजे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आली होती, पण तिला त्याच महिन्यात स्थगिती मिळाली आणि २००२ चीच पुन्हा लागू झाली. त्यामुळे क्रमांक मागताना अवघडल्यासारखे वाटून घेऊ नका. तो दाखवणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे आणि नीट नोंदणी असलेल्या डॉक्टरला त्यात काही वावगे वाटत नाही.

क्रमांकासोबत परिषदेचे नावही पाहा. महाराष्ट्रात ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे होते, हिलाच सगळे एमएमसी म्हणतात. आयुर्वेद आणि युनानीची परिषद वेगळी, होमिओपॅथीची वेगळी, दातांच्या डॉक्टरांची वेगळी. गोव्यात गोवा मेडिकल कौन्सिल. नुसते ‘रजि. नं.’ आणि पुढे आकडा असेल तर तो कोणत्या परिषदेचा आहे हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

एमएमसीचे जुने क्रमांक पाच-सहा आकडी असतात. अलीकडच्या काळातले क्रमांक वर्ष, महिना आणि अनुक्रमांक असे तिरप्या रेघांनी तोडलेले असतात. म्हणजे क्रमांक ‘२००५/०३’ ने सुरू झाला तर ती नोंद मार्च २००५ ची आहे, हे पाटी वाचतानाच कळते. ‘तीस वर्षांचा अनुभव’ असे छापले असेल आणि क्रमांक २०१२ चा असेल, तर फरक कुठून आला हे विचारायला हरकत नाही. अर्थात दुसऱ्या राज्यातून बदलून आलेल्या डॉक्टरची इथली नोंद उशिराची असू शकते.

नोंदवहीत शोधताना

एमएमसीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत डॉक्टरांचा शोध सर्वांना खुला आहे. परिषदेने अलीकडे डॉक्टरांना क्यूआर कोडही दिले आहेत. दवाखान्यात तो लावलेला असेल तर मोबाइलने स्कॅन केल्यावर तीच माहिती समोर येते. फक्त उघडलेले पान परिषदेचेच आहे ना, एवढे बघा. देशभरातल्या नोंदी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरील इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये मिळतात. पूर्वीच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या जागी २५ सप्टेंबर २०२० पासून हा आयोग आला आहे. बेळगाव, हैदराबाद किंवा अहमदाबादचा डॉक्टर असेल तर इथेच शोधा.

शोध क्रमांकाने घ्या, नावाने नको. नावाने शोधताना तीन ठिकाणी हमखास गडबड होते. पहिली, स्त्री डॉक्टरांची नोंद बहुधा माहेरच्या नावाने असते आणि पाटी सासरच्या नावाची. दुसरी, नोंदवहीत आडनाव आधी आणि मग नाव, वडिलांचे नाव असा क्रम असू शकतो. तिसरी, मराठी आडनावांची इंग्रजी स्पेलिंगे. ‘देशपांडे’ सरळ सापडतात, पण ‘क्षीरसागर’, ‘वाघ’ किंवा ‘चौधरी’ तीन-चार प्रकारे लिहिले जातात. नाव सापडले नाही एवढ्यावरून डॉक्टरला खोटे ठरवू नका. आधी क्रमांक मिळवा, त्याने शोधा, मग दुसऱ्या नोंदवहीत पाहा.

नोंद उघडली की चार गोष्टी वाचायच्या. नाव जुळते का. मूळ पदवी कोणती, कोणत्या विद्यापीठाची, कोणत्या वर्षाची. अतिरिक्त पदवी म्हणून काय नोंदले आहे. आणि नोंदणीची मुदत कधीपर्यंत आहे. एमएमसीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते आणि त्यासाठी त्या पाच वर्षांत निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० तास भरावे लागतात.

या चारांत सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे अतिरिक्त पदवी. डॉक्टर खरा असतो, एमबीबीएस खरे असते, नोंदणी चालू असते. मात्र पाटीवर ज्या तज्ज्ञतेचा दावा आहे ती पदवी नोंदवहीत नसते. याचे साधे कारण असू शकते: पदवी अलीकडची आहे आणि डॉक्टरने परिषदेकडे ती अजून नोंदवलेली नाही, किंवा राज्याकडे झालेली नोंद केंद्राच्या नोंदवहीत अजून चढलेली नाही. म्हणून दोन्हीकडे पाहावे आणि तरीही नसेल तर रुग्णालयाच्या कार्यालयात विचारावे की पदव्युत्तर पदवीची परिषदेकडची नोंद दाखवता का. चांगल्या रुग्णालयात ही प्रत फाइलमध्ये असते. टाळाटाळ झाली तर मात्र दुसरे मत घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेली नॅशनल मेडिकल रजिस्टर ही आधारशी जोडलेली नवी नोंदवही आहे. डॉक्टरने स्वतः अर्ज केल्यावर त्याचे नाव तिथे येते, म्हणून तिथे नाव नसण्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नका.

अक्षरे वाचायची कशी

एमबीबीएस ही पाया. एमबीबीएस डॉक्टर कायद्याने उपचार करू शकतो आणि गावातला चांगला एमबीबीएस फॅमिली डॉक्टर वेळेवर पुढे पाठवून कित्येकांचे प्राण वाचवतो. त्याला ‘तज्ज्ञ’ म्हणवून घेता येत नाही, एवढीच मर्यादा. २००२ च्या नियमावलीत हे स्पष्ट आहे: त्या शाखेची विशेष पात्रता नसताना कोणीही स्वतःला त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणू नये.

त्यावर तीन वर्षांची एमडी किंवा एमएस. औषधाने बरे करायच्या शाखांना एमडी, शस्त्रक्रियेच्या शाखांना एमएस, अशी ढोबळ वाटणी. स्त्रीरोगात दोन्ही आढळतात. शाखेचे नाव लिहिलेले असलेच पाहिजे. नुसते ‘एमडी’ अपुरे आहे, कारण एमडी मेडिसिन, एमडी पॅथॉलॉजी आणि एमडी कम्युनिटी मेडिसिन यांच्या कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

डीएनबी ही नॅशनल बोर्डाची पदवी. हे बोर्ड १९७५ मध्ये स्थापन झाले आणि १९८२ पासून स्वतंत्र संस्था म्हणून काम करते. अमेरिकेत ज्याला ‘बोर्ड’ (तज्ज्ञांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी संस्था) म्हणतात त्याच्या सगळ्यात जवळचे आपल्याकडे हेच, कारण प्रशिक्षण वेगवेगळ्या रुग्णालयांत होते आणि परीक्षा मात्र देशभर एकच असते. एमडी-एमएस आणि डीएनबी यांच्यात रुग्णाने उच्चनीच करू नये. डीएनबी नापासांची पदवी, असा एक जुना गैरसमज आहे. तो सोडून द्या.

डीजीओ (स्त्रीरोग-प्रसूती), डीसीएच (बालरोग), डीए (भूल), डी ऑर्थो (हाडे) या दोन वर्षांच्या पदविका. जिल्ह्या-तालुक्याच्या गावांत आजही बाळंतपणे, लहान मुले आणि भूल यांचा मोठा भार हेच डॉक्टर वाहतात. पदविका हे खरे प्रशिक्षण आहे, मात्र एमडी-एमएसपेक्षा एका वर्षाने कमी. विद्यापीठांच्या पदविकांच्या बहुतेक जागा पुढे पदवीच्या जागांत बदलल्या आणि २०२० च्या सुमारास नॅशनल बोर्डाने स्वतःच्या पदविका सुरू केल्या. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सच्या (१९१२ पासूनची संस्था) पदविका आणि एफसीपीएस ही फेलोशिप यांची मान्यता मात्र अनेकदा दिली-काढली गेली आहे. तिच्या वादात रुग्णाने पडू नये. त्या डॉक्टरची ती पात्रता परिषदेने नोंदवली आहे का, एवढेच पाहावे.

एमडी-एमएस किंवा डीएनबीनंतर आणखी तीन वर्षांची डीएम (औषधोपचाराची), एमसीएच (शस्त्रक्रियेची) किंवा डीआरएनबी (नॅशनल बोर्डाची) म्हणजे सुपरस्पेशालिटी. इथे जोड्या ओळखायला शिका. किडनीचा औषधोपचार आणि डायलिसिस डीएम नेफ्रॉलॉजीवाल्याकडे, मुतखडा आणि प्रोस्टेटची शस्त्रक्रिया एमसीएच युरोलॉजीवाल्याकडे. फिट्स आणि पार्किन्सन्स डीएम न्यूरोलॉजीकडे, मेंदूतील गाठ एमसीएच न्यूरोसर्जरीकडे. अँजिओप्लास्टी डीएम कार्डिऑलॉजी, बायपास एमसीएच हृदयशस्त्रक्रिया. चुकीच्या दारात गेल्याने निदानाला महिने लागलेले रुग्ण कोणत्याही मोठ्या ओपीडीत भेटतात. दर वेळी सुपरस्पेशालिस्टच गाठायचा, हेही चूकच. साध्या डोकेदुखीला आणि नव्याने सापडलेल्या रक्तदाबाला चांगला फिजिशियन पुरतो.

फसगत होते ती पुढच्या अक्षरांत. त्यांवर थोडे थांबावे लागेल.

‘एमडी (फिजिशियन)’ ही रशिया आणि आसपासच्या देशांत सहा वर्षांनी मिळणारी मूळ पदवी आहे. भारतात तिची बरोबरी एमबीबीएसशी होते आणि ती घेऊन येणाऱ्याला इथे परवाना परीक्षा द्यावी लागते. पाटीवर ती एमडी मेडिसिनसारखी वाचली जाते. नोंदवहीत मूळ पदवीच्या रकान्यात ‘एमडी फिजिशियन’ दिसले आणि अतिरिक्त पदवीचा रकाना रिकामा असला, तर हा एमबीबीएसच्या बरोबरीचा डॉक्टर आहे.

‘एमडी (आयु.)’, ‘एमएस (आयु.)’ आणि ‘एमडी (होमि.)’ या आपापल्या शास्त्रातल्या खऱ्या पदव्युत्तर पदव्या आहेत. नोव्हेंबर २०२० च्या केंद्रीय अधिसूचनेने आयुर्वेदातील शल्य (शस्त्रक्रिया) आणि शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा) शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणात ५८ शस्त्रक्रियांची यादी दिली आहे, त्यांपैकी ३९ शल्यच्या आणि १९ शालाक्यच्या. अडचण येते ती पाटीवरून कंसातला शब्द गळतो तेव्हा. होमिओपॅथीच्या पदवीधरांसाठी असलेला आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, म्हणजे सीसीएमपी, कोणालाही कोणत्याही शाखेचा तज्ज्ञ बनवत नाही. एका शास्त्राचे शिक्षण घेऊन दुसऱ्या शास्त्राची औषधे देणे हा निष्काळजीपणा ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात सांगितले आहे.

फेलोशिप हा शब्द सगळ्यात लवचिक. नॅशनल बोर्डाची एफएनबी दोन वर्षांची, प्रवेश परीक्षा देऊन मिळणारी. एखाद्या मोठ्या केंद्रात वर्षभर राहून केलेली फेलोशिपही मोलाची. पण तीन दिवसांच्या कार्यशाळेच्या प्रमाणपत्रालाही फेलोशिप म्हणता येते आणि वार्षिक वर्गणी भरून मिळणारे सभासदत्वही एफने सुरू होणारी अक्षरे देते. म्हणून ‘एफ’ दिसला की दोनच प्रश्न विचारा: कुठे केली आणि किती महिने?

‘डायबेटॉलॉजिस्ट’, ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘लॅप्रोस्कोपिक सर्जन’, ‘गुडघा-खुबा तज्ज्ञ’ ही कामाची वर्णने आहेत, पदव्या नाहीत. त्यांच्या खाली मूळ पदवी कोणती ते पाहा. मधुमेहासाठी एमडी मेडिसिन किंवा डीएम एंडोक्रायनॉलॉजी, त्वचेसाठी एमडी किंवा डीडीव्हीएल ही पदविका, प्लास्टिक सर्जरीसाठी एमसीएच किंवा डीआरएनबी प्लास्टिक. एमबीबीएसनंतर काही महिन्यांचा मधुमेहाचा सर्टिफिकेट कोर्स केलेला डॉक्टर मधुमेह चांगला सांभाळू शकतो, मात्र तो काय आहे हे तुम्हाला माहीत असायला हवे. ‘एमसीएच (ऑर्थो)’ दिसले तर विद्यापीठ विचारा. परदेशी विद्यापीठांच्या या नावाच्या पदव्या भारतातल्या तीन वर्षांच्या एमसीएचसारख्याच असतील असे गृहीत धरू नये.

परदेशातून परतलेले डॉक्टर, आणि परदेशातले आपले आप्त

पुण्या-मुंबईत ‘अमेरिकन बोर्ड सर्टिफाइड’ लिहिणारे डॉक्टर आहेत आणि न्यू जर्सी-टेक्सासमध्ये मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना तिथले डॉक्टर शोधावे लागतात. दोघांनाही ही पद्धत समजून घेतलेली बरी.

अमेरिकेत डॉक्टरकी करण्याचा परवाना राज्य देते. बोर्डाचे प्रमाणपत्र वेगळे आणि ऐच्छिक. रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले पदव्युत्तर प्रशिक्षण, पूर्ण झाल्यावर त्या शाखेच्या बोर्डाची परीक्षा द्यायची. पहिले बोर्ड १९१६ मध्ये नेत्रतज्ज्ञांनी काढले. १९३३ मध्ये सगळ्या बोर्डांची शिखर संस्था झाली, आज तिचे नाव अमेरिकन बोर्ड ऑफ मेडिकल स्पेशालिटीज आणि तिच्यात २४ बोर्डे आहेत. तिच्याच ‘सर्टिफिकेशन मॅटर्स’ या संकेतस्थळावर डॉक्टरचे नाव आणि राज्य टाकून प्रमाणपत्र आहे का ते मोफत पाहता येते. ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांची, म्हणजे ज्यांच्या नावापुढे डीओ असते त्यांची, स्वतःची समांतर बोर्डे आहेत. राज्याच्या परवान्यावर कारवाई झाली आहे का, हे राज्याच्या मेडिकल बोर्डाच्या संकेतस्थळावर दिसते. ते वेगळे पाहावे लागते आणि ते पाहायलाच हवे.

‘बोर्ड एलिजिबल’ म्हणजे प्रशिक्षण झाले, परीक्षा अजून उत्तीर्ण नाही. या शब्दाला आता शाखेनुसार तीन ते सात वर्षांची मुदत आहे. यूएसएमएलई उत्तीर्ण किंवा ईसीएफएमजी प्रमाणित हे तज्ज्ञतेचे लक्षण अजिबात नाही. परदेशी पदवीधराला अमेरिकेत रेसिडेन्सीचे दार उघडण्यासाठी लागणारी ती पात्रता आहे.

ब्रिटनची अक्षरे आपल्याकडे अधिक दिसतात. एमआरसीपी (औषधोपचाराच्या शाखा) आणि एमआरसीएस (शस्त्रक्रियेच्या शाखा) या प्रशिक्षणाच्या मधल्या टप्प्यावरच्या परीक्षा. प्रशिक्षण पूर्ण झाल्याची खूण म्हणजे सीसीटी हे प्रमाणपत्र आणि जनरल मेडिकल कौन्सिल या तिथल्या परिषदेच्या स्पेशालिस्ट रजिस्टरमधले नाव, जे कोणालाही विनामूल्य शोधता येते. एफआरसीएसच्या पुढे कंसात शाखा असेल तर ती सहसा प्रशिक्षणाच्या शेवटची परीक्षा असते. कंस नसेल तर ती जुन्या पद्धतीची आहे का, कोणत्या वर्षाची, हे विचारा.

पदवीचा आणि बरे होण्याचा संबंध किती?

इथपर्यंत तपासले म्हणजे काय हाती आले? एका माणसाने ठरावीक वर्षे ठरावीक ठिकाणी शिक्षण घेतले आणि एका दिवशी परीक्षा उत्तीर्ण केली, एवढे. हे थोडे नाही. पण याच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत.

अमेरिकेत यावर बराच अभ्यास झाला आहे. बोर्डाचे प्रमाणपत्र आणि रुग्णांचे परिणाम यांचा संबंध तपासणाऱ्या अभ्यासांचा २००२ मध्ये एकत्रित आढावा निघाला. त्यातल्या ३३ निष्कर्षांपैकी १६ मध्ये प्रमाणपत्रधारकांचे परिणाम चांगले निघाले, १४ मध्ये काही फरक दिसला नाही आणि ३ मध्ये उलटे दिसले. म्हणजे झुकाव प्रमाणपत्राच्या बाजूला, पण खात्री नाही. २०२४ चा एक मोठा अभ्यास अधिक नेमका आहे. नुकत्याच प्रशिक्षित झालेल्या रुग्णालयीन फिजिशियनांपैकी बोर्ड परीक्षेत वरच्या चौथाईत गुण मिळवणाऱ्यांच्या वृद्ध रुग्णांत सात दिवसांतले मृत्यू, तळाच्या चौथाईतल्या डॉक्टरांच्या रुग्णांपेक्षा ८ टक्क्यांनी कमी होते. प्रशिक्षण देणाऱ्या शिक्षकांनी दिलेल्या शेऱ्यांचा मात्र मृत्यूंशी संबंध दिसला नाही. ‘लेखी परीक्षेला काय अर्थ आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

दुसरी बाजूही पाहा. प्रशिक्षण संपून किती वर्षे झाली आणि उपचारांचा दर्जा यांचा २००५ मध्ये आढावा घेतला गेला तेव्हा ६२ पैकी ३२ मूल्यमापनांत वर्षे वाढतील तसा मोजलेल्या सगळ्याच बाबतींत दर्जा घसरलेला आढळला. केस पांढरे झालेला डॉक्टर जास्त विश्वासाचा, ही आपली समजूत म्हणूनच पुरेशी नाही. ज्ञान जुने होते. याच कारणाने अमेरिकेत फॅमिली प्रॅक्टिसच्या बोर्डाने १९६९ मध्ये आपल्या स्थापनेपासूनच मुदतीचे प्रमाणपत्र ठेवले आणि इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डाने १९९० पासून आजन्म प्रमाणपत्र बंद केले. पुनर्परीक्षेने फरक पडतो का, यावर तिथेही एकमत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत आजन्म आणि मुदतीच्या प्रमाणपत्रवाल्यांच्या दर्जात ठळक फरक आढळला नाही.

आपल्याकडे पुनर्परीक्षा नाहीच. पाच वर्षांत ३० तासांची व्याख्याने आणि परिषदा, एवढ्यावर एमडी पदवी आयुष्यभर चालते. त्यामुळे पदवीनंतरचे प्रश्न रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनीच विचारावे लागतात.

पदवीनंतरचे प्रश्न

‘किती वर्षांचा अनुभव?’ हा कमजोर प्रश्न आहे, त्याच्या उत्तरातून काही कळत नाही. विचारायचे ते असे: ‘डॉक्टर, गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशने केलीत?’ अवघड शस्त्रक्रियांत सर्जनच्या हातून वर्षाला जितकी अधिक ऑपरेशने होतात तितके मृत्यूचे प्रमाण कमी असते, हे अमेरिकेतील मोठ्या अभ्यासांतून २००३ पासून स्पष्ट आहे. नुसता सर्जनच नाही, त्या रुग्णालयाची संख्याही मोजावी लागते, कारण गुंतागुंत रात्री दोन वाजता होते तेव्हा ती ओळखायची असते परिचारिकेला आणि आयसीयूतल्या डॉक्टरला.

आकड्याची कल्पना यावी म्हणून: अमेरिकेतील लीपफ्रॉग ग्रुप ही संस्था संपूर्ण गुडघा बदलण्यासाठी रुग्णालयाने वर्षाला किमान ५० आणि सर्जनने २५ अशी अपेक्षा ठेवते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालय २० आणि सर्जन १०. हे तिथले मापदंड आहेत, आपल्याकडे कायद्याने असे काही ठरलेले नाही. तरी ‘वर्षाला दोन-तीन होतात’ असे उत्तर आले तर मोठ्या केंद्राचा विचार करावा. ॲपेंडिक्स, हर्निया, साधे सिझेरियन यांसाठी मात्र लांब पळायची गरज नाही. तिथे जवळचा पदवीधारक सर्जन आणि चांगली भूल पुरेशी असते.

तालुक्याच्या गावी आणखी एक प्रश्न अत्यावश्यक. मोठ्या शहरातला सर्जन रविवारी येतो, चार ऑपरेशने करतो आणि संध्याकाळी परत जातो, ही पद्धत सर्वत्र आहे आणि तिच्यामुळे लोकांची सोयही होते. पण विचारा: दुसऱ्या रात्री रक्तस्राव झाला तर पाहणार कोण, त्याची पदवी काय, आणि पुढे न्यायचे ठरले तर कुठे? हे ऑपरेशनपूर्वी ठरलेले असेल तर उत्तर लगेच मिळते. ठरलेले नसेल तर तेही लगेच कळते.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी त्यात ऑपरेशन करणाऱ्याचे नाव लिहिलेले आहे का ते पाहा. ज्यांना ओपीडीत भेटलात तेच टेबलापाशी असतील असे नाही. मोठ्या रुग्णालयांत बदल होतात, ते चालते, पण तुम्हाला सांगून. एनएबीएच हे रुग्णालयांच्या दर्जाचे राष्ट्रीय मानांकन असलेल्या रुग्णालयाने प्रत्येक डॉक्टरची कागदपत्रे पडताळून त्याला कोणत्या प्रक्रिया करायची मुभा आहे हे लेखी ठरवलेले असावे लागते. ‘या डॉक्टरांना या प्रक्रियेची मुभा आहे ना?’ हा प्रश्न तिथल्या कार्यालयाला अनोळखी नसतो.

भूलतज्ज्ञाचे नाव आणि पदवी स्वतंत्रपणे विचारा: एमडी, डीएनबी किंवा डीए. बहुतेक घरांत हे विचारलेच जात नाही, आणि ऑपरेशनच्या वेळी श्वास व रक्तदाब सांभाळणारा माणूस तोच असतो. शक्यतो आदल्या दिवशी त्यांची भेट घ्या आणि दम्याचा त्रास, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आधीच्या भुलेचा अनुभव हे स्वतः सांगा.

पडद्यामागचे तज्ज्ञ

निदान पुष्कळदा अशा डॉक्टरांवर उभे असते ज्यांना रुग्ण कधी भेटत नाही. रक्ताच्या किंवा बायोप्सीच्या रिपोर्टखाली कोणाची सही आहे ते पाहा. पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. तंत्रज्ञाची सही किंवा स्कॅन करून चिकटवलेली सही असेल तर तो रिपोर्ट गंभीर निर्णयाला आधार धरू नका. सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखालचे नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. रिपोर्टवर तपासणी करणाऱ्याचे पूर्ण नाव आणि पदवी हवी. कर्करोगाचे निदान असेल तर स्लाइड (काचपट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) मागून घ्या आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. नवे तुकडे न काढता हे होते.

खोटे आढळले तर

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कोणत्याच परिषदेकडे नोंद नसलेला माणूस ॲलोपॅथीचा व्यवसाय करत असेल तर तो बोगस डॉक्टर. तक्रार महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे किंवा ग्रामीण भागात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या. बोगस डॉक्टरांच्या शोधासाठीच्या समित्या त्यांच्यामार्फत काम करतात, आणि पोलिसांकडेही जाता येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात यासाठी एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

नोंदणीकृत डॉक्टरने नसलेली तज्ज्ञता मिरवली असेल तर तक्रार त्याच्या राज्य परिषदेकडे, लेखी. सोबत पाटीचा आणि लेटरहेडचा फोटो, चिठ्ठी, पावती आणि नोंदवहीतल्या पानाची तारखेसह छापील प्रत जोडा. अनेक तक्रारी अडतात त्या याच कारणाने: सांगण्यासारखे खूप असते, दाखवायला कागद नसतो. नियमावलीनुसार परिषदेने सहा महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत अपील करता येते.

उपचारांची कागदपत्रे मागताना अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मागणीपासून ७२ तासांत ती देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. दाखल रुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवण्याचा नियम आहे, म्हणून उशीर करू नका. परिषद नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई देत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे जावे लागते आणि तिथे दावा दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे.